बंद पडलेल्या लोहमार्गांवरच्या पायवाटा : त्या खरोखर सोप्या असतात का?

संथपावले

जगात अनेक ठिकाणी बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ उचलून त्या जागी चालण्यासाठी आणि सायकलींसाठी वाटा तयार केलेल्या आहेत. इंग्लंडमधली मॉन्सल ट्रेल, स्पेनमधल्या 'विआस वेर्देस' म्हणजे हरित वाटा, न्यूझीलंडमधली ओटागो सेंट्रल रेल ट्रेल, बेल्जियम, जर्मनी आणि लक्झेंबर्ग अशा तीन देशांतून जाणारी फेनबान ही त्यांतली ठळक नावे. माझी आई सत्तरीच्या जवळ आली आहे. ती रोज नेमाने चालते, तिचा दमही चांगला आहे, पण दगडधोंड्यांचा उतार समोर आला की ती धास्तावते आणि तिचे गुडघे बोलू लागतात. तिच्यासोबत काही दिवस सलग, निवांतपणे, गावाबाहेरच्या मोकळ्या प्रदेशातून चालावे अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे आणि त्यासाठी अशा वाटांइतके योग्य दुसरे काही नसावे असे माझे मत झाले आहे.

तरीही ज्यांनी प्रत्यक्ष अशा वाटा चालून पाहिल्या आहेत त्यांच्याकडून काही गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. या वाटा सोप्या असतात असे सगळेच म्हणतात, पण त्या कोणाला सोप्या आणि कोणाला अवघड जातात? वाट निवडताना नेमके काय पाहावे? आणि लांबच लांब सरळ वाट चालून कंटाळा येतो, असे काही जण म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे?

रूळवेडा

चांगला विषय काढलात. या वाटा सोप्या का असतात याचे कारण समजून घेतले तर त्या कुठे अवघड होतात हेही आपोआप कळते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पोलादी रुळावर पोलादी चाक फार कमी घर्षणाने फिरते. त्यामुळे थोड्या शक्तीत प्रचंड वजन ओढता येते, पण त्याच कारणाने गाडीला चढ चढणे जड जाते, कारण चाक रुळावर घसरते. म्हणून मार्ग आखणारे अभियंते चढ शक्यतो शंभराला एक, डोंगराळ भागात फार तर चाळीस-पन्नासला एक इतकाच ठेवत. चाळीसला एक म्हणजे चाळीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची. गाडीरस्त्यावर याच्या दुप्पट-तिप्पट चढ सर्रास आढळतो. एवढा मंद चढ राखायचा म्हणजे टेकडी आडवी आली की ती कापायची किंवा तिच्यातून बोगदा काढायचा, खोलगट जागा आली की भराव घालायचा, नदी आली की कमानींचा पूल बांधायचा. वळणेही मोठ्या त्रिज्येची, सावकाश वळणारी असतात. आज आपण ज्या सपाटीवर चालतो ती दीड-दोनशे वर्षांपूर्वी हजारो मजुरांनी फावडी, पहारी आणि सुरुंगाची दारू वापरून तयार केलेली आहे. अशा वाटेवर चालताना मला त्या श्रमांची आठवण नेहमीच होते आणि ती व्हावी असे मला मनापासून वाटते.

आता यातला फसवा भाग. मंद चढ डोळ्यांना दिसत नाही, पण पायांना जाणवतो. साठाला एक हा चढ सलग बारा किलोमीटर असेल तर तुम्ही दोनशे मीटर उंची चढलेले असता. वाट सपाट दिसते आहे, तरी आपण आज इतके का दमलो, असा प्रश्न पडतो त्याचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते. म्हणून नकाशावर केवळ अंतर पाहू नका, दोन्ही टोकांची समुद्रसपाटीपासूनची उंचीही पाहा आणि शक्य असेल तर उंच टोकाकडून चालायला लागा. इंग्लंडमधली 'अॅशबोर्न' ते 'पार्स्ली हे' अशी जाणारी टिसिंग्टन ट्रेल साधारण एकवीस किलोमीटरची आहे. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे चालणारा माणूस बराच वेळ हलका चढ चढत असतो, तर उलट दिशेने येणाऱ्याला तीच वाट आरामाची वाटते.

डोंगरभटक्या

मी थोडे विरुद्ध मत मांडतो. सपाट वाट गुडघ्यांसाठी चांगली हे मान्य आहे, पण ती संपूर्ण शरीरासाठी सोपी असते हे मला मान्य नाही. डोंगरात चढताना एक स्नायू काम करतात, उतरताना दुसरे, मध्येच पठार लागते, पाऊल कधी लांब पडते तर कधी आखूड. रेल्वेच्या वाटेवर मात्र तेच पाऊल, त्याच लांबीने, त्याच कोनात हजारो वेळा पडते. त्यामुळे नडगीचा पुढचा भाग आणि कंबरेचा सांधा दुखू लागतो आणि तळपायाला एकाच जागी फोड येतात. डोंगरात कधीही फोड न आलेल्या माणसांना सपाट वाटेवर फोड आलेले मी पाहिले आहेत. पहिल्याच दिवशी वीस किलोमीटरचा बेत आखू नये, असे मी आवर्जून सांगेन.

कंटाळ्याबद्दल म्हणाल तर, समोर दोन किलोमीटरपर्यंतची वाट एका रेषेत दिसत असते, चालून चालून ती संपत नाही आणि वळणापलीकडे काय असेल ही ओढच नाहीशी होते. भराव उंच असला तर दोन्हीकडचे दृश्य तरी मिळते, पण कापलेल्या टेकडीतून जाताना दोन्ही बाजूंना केवळ मातीच्या भिंती दिसतात.

गवतफूल

डोंगरभटक्या यांच्या शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. त्या "केवळ मातीच्या भिंती" म्हणजे माझ्या मते अशा वाटांवरचा सर्वात श्रीमंत भाग.

टेकडी कापली की तिचे पोट उघडे पडते. खडकाचे थर, त्यांचा कल, मधूनच आलेली मातीची रेघ हे सगळे हाताच्या अंतरावर दिसते. एरवी ते पाहायला खाणीत जावे लागले असते. एक बाजू उन्हाची आणि एक सावलीची असल्यामुळे दहा-बारा मीटरच्या अंतरात दोन निरनिराळी रोपजगते उभी राहतात. सावलीच्या बाजूला पाणी झिरपते, तिथे शेवाळ आणि नेचे असतात. उन्हाच्या बाजूला कोरडी, खुरटी, फुलांनी भरलेली झाडोरी आणि तिच्यावर फुलपाखरे. शिवाय गाड्या चालू होत्या तेव्हा या पट्ट्यांवर नांगर फिरला नाही आणि भोवतालच्या शेतांवर मारली जाणारी खतेही इथे कमी पोहोचली. त्यामुळे शेतांमधून नाहीशी झालेली गवते आणि फुले इथे टिकून राहिलेली आढळतात.

ब्रिटनमधले एक उदाहरण मला फार आवडते. ऑक्सफर्ड रॅगवर्ट ही पिवळ्या फुलांची वनस्पती मूळची सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारांवरची. ती ऑक्सफर्डच्या वनस्पती-उद्यानातून बाहेर निसटली, शहरातल्या भिंतींवर वाढू लागली, आणि रेल्वे आल्यावर रुळांखालची खडी आणि कोळशाची जळकी राख यांच्यावरून देशभर पसरली. तिला ती खडी आपल्या जन्मभूमीतल्या ज्वालामुखीच्या उतारासारखीच वाटली असणार. गाडी जाताना उठणाऱ्या वाऱ्याबरोबर तिची हलकी बीजे पुढे पुढे सरकत गेली.

तेव्हा कंटाळा येत असेल तर नजर क्षितिजावरून काढून वाटेच्या कडेला आणावी, एवढेच सुचवते. माझ्यासोबत चालणाऱ्यांची तक्रार उलटी असते, ती म्हणजे मी पुढेच सरकत नाही.

दूरदेशी

मॉन्सल ट्रेलचा उल्लेख आला आहे आणि मी तिथे बऱ्याचदा चालत असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ही वाट इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात वाय नदीच्या खोऱ्यातून साधारण साडेतेरा-चौदा किलोमीटर जाते. मिडलँड रेल्वेने हा मार्ग १८६३ मध्ये सुरू केला. पुढे इंग्रज लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी त्याच्यावर कडाडून टीका केली, कारण बेकवेल आणि बक्स्टन या दोन गावांमधला अर्ध्या तासाचा प्रवास मिळवण्यासाठी एवढी सुंदर दरी नासवली गेली असे त्यांना वाटत होते. मार्ग १९६८ मध्ये बंद झाला आणि १९८१ मध्ये तिथे वाट सुरू झाली. मात्र बोगदे बंद ठेवले होते. चालणाऱ्यांना प्रत्येक बोगद्यापाशी मुख्य वाट सोडून दरीच्या कडेने चढउतार करत वळसा घालावा लागे, म्हणजे जी वाट सपाट म्हणून निवडायची तीच नेमक्या त्या ठिकाणी सपाट नव्हती. २०११ मध्ये चार मोठे बोगदे दुरुस्त करून खुले करण्यात आले आणि त्यानंतर ती वाट लहान मुले, वृद्ध आणि चाकाच्या खुर्चीतली माणसे यांच्यासाठी खऱ्या अर्थाने मोकळी झाली. गंमत अशी की, रस्किन यांना ज्या कमानींच्या पुलाचा राग आला होता, त्या हेडस्टोन पुलाचे छायाचित्र काढण्यासाठीच आज लोक मॉन्सल हेडच्या कठड्यावर गर्दी करतात.

बोगद्यात शिरताना काय होते ते सांगतो. उन्हाळ्यातसुद्धा तोंडापासून दहा पावलांवर गार हवेची भिंत लागते. दिवसा आत दिवे असतात, तरी डोळे सरावायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे लगेच झपाझप चालू नये. छताच्या विटांवर वाफेच्या इंजिनांची काजळी अजून आहे. हात लावला तर बोटे काळी होतात. त्या काळ्या भिंतीवरून जिथे पाणी झिरपते तिथे चुन्याचे पांढरे ओघळ गोठलेले दिसतात. ठरावीक अंतरावर भिंतीत माणूस उभा राहील एवढे कोनाडे आहेत. गाडी आली की मार्गावर काम करणारे मजूर त्यांत अंग चोरून उभे राहत. आईंना एकदा त्या कोनाड्यात उभे राहायला सांगा. आत उभे राहिल्यावर गाडी किती जवळून जात असेल याची कल्पना शब्दांशिवाय येते.

मुक्तछंदा

चपलांबद्दल कोणीच लिहिले नाही. डोंगरासाठीचे कडक तळाचे, घोट्यापर्यंतचे जड बूट इथे नकोत. मऊ तळाचे चालण्याचे बूट आणि घाम शोषणारे मोजे पुरेसे होतात, आणि दुपारी मोजे बदलले की डोंगरभटक्या यांनी सांगितलेले फोड पुष्कळ टळतात.

रूळवेडा

मुक्तछंदा यांच्याशी सहमत आहे, पण एका अटीवर : वाटेचा पृष्ठभाग तयार केलेला असला पाहिजे. रूळ काढून नेले आणि खालची खडी तशीच सोडली असे अनेक ठिकाणी झालेले आहे. ती खडी मुद्दामच टोकदार दगडांची असते. हे दगड एकमेकांत अडकून स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळया, जागच्या जागी धरून ठेवतात आणि त्यांच्यातून पाणी खाली जाते. गाडीसाठी जे उत्तम ते घोट्यासाठी वाईट, कारण प्रत्येक पावलाला दगड सरकतो. स्लीपरही शिल्लक असतील तर आणखी पंचाईत होते. दोन स्लीपरांमधले अंतर साधारण साठ-पासष्ट सेंटिमीटर असते, मोठ्या माणसाचे स्वाभाविक पाऊल त्याहून थोडे लांब पडते, त्यामुळे एकेक स्लीपरवर पाय ठेवला तर पावले आखडतात आणि एक सोडून पुढच्यावर ठेवायला गेले तर उडी मारावी लागते. ज्येष्ठांना घेऊन अशा मार्गावर जाऊ नये. बारीक कच आणि माती दाबून केलेली वाट सर्वात चांगली. डांबरी वाट चाकांना सोयीची असते, पण दिवसभर चालणाऱ्या पायांना ती कठीण लागते.

आणि "रेल्वेची वाट म्हणजे सपाट" या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो लक्षात असू द्या. अगदी सुरुवातीच्या काळातले काही मार्ग इंजिनाने नव्हे तर दोराने गाड्या ओढून चालत. इंग्लंडमधला क्रॉमफर्ड आणि हाय पीक रेल्वे हा मार्ग १८३० च्या सुमारास सुरू झाला. त्यात लांब सपाट टप्पे होते आणि त्यांच्यामध्ये तीव्र उताराचे टप्पे होते, जिथे वरच्या टोकाला बसवलेले वाफेचे यंत्र डबे वर खेचत असे. मिडलटन इथला उतार साधारण सव्वाआठाला एक इतका आहे. आज त्याच मार्गावर हाय पीक ट्रेल आहे. पश्चिमेचा भाग अतिशय सुखाचा, पण क्रॉमफर्डच्या बाजूला हे उतार एकामागून एक येतात आणि दुखऱ्या गुडघ्यांची परीक्षा पाहतात. मिडलटन टॉपचे यंत्रघर मात्र अवश्य पाहण्यासारखे आहे.

न्यायनिष्ठ

चर्चा वाचून आनंद होतो आहे, तरीही एक अस्वस्थ करणारा मुद्दा मांडतो. या सुंदर वाटांच्या खाली बंद पडलेली सार्वजनिक वाहतूक आहे, हे आपण विसरता कामा नये. ब्रिटनमध्ये १९६३ साली तिथल्या रेल्वे मंडळाचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालाने सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली आणि त्यातला बराच भाग अमलात आला. ज्या गावांची गाडी गेली, त्यांतल्या मोटार नसलेल्या माणसांचे जगणे आक्रसले. त्या जागी फिरायला वाट मिळाली म्हणून ते नुकसान भरून निघत नाही. एडिंबरो ते कार्लाइल हा वेव्हर्ली मार्ग १९६९ मध्ये बंद झाला. पुढे लोकांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये त्याच्या उत्तरेकडच्या भागावर ट्वीडबँकपर्यंत गाड्या पुन्हा धावू लागल्या. वाट लोकप्रिय झाली की गाडी परत आणण्याला तिथेच विरोध सुरू होतो, ही माझी चिंता आहे.

पाणंद

न्यायनिष्ठ, तुमची तळमळ समजते, पण वाटेमुळे गाडी येत नाही असे म्हणणे मला उलटे वाटते. मार्ग बंद झाल्यावर खरे नुकसान जमिनीचे तुकडे होण्याने होते. इथे एक पूल भंगारात जातो, तिथे भराव सपाट करून घरे बांधली जातात, आणि मग पुढच्या पिढीने ठरवले तरी तो सलग पट्टा परत मिळत नाही. वाट असली की निदान पट्टा अखंड राहतो. अमेरिकेत १९८३ च्या कायदेदुरुस्तीने हाच विचार मान्य केला : मार्ग कायमचा सोडून न देता भविष्यातल्या रेल्वेसाठी राखून ठेवायचा आणि दरम्यान तिथे वाट चालवायची. मिसुरी राज्यातली सुमारे ३८५ किलोमीटरची केटी ट्रेल याच तरतुदीखाली उभी राहिली.

यात जमीनमालकांची बाजूही आहे आणि ती खोटी नाही. कित्येक ठिकाणी रेल्वेकडे जमिनीची मालकी नव्हती, केवळ तिच्यावरून जाण्याचा हक्क होता. गाडी बंद झाल्यावर तो हक्क संपतो की उरतो, हा वाद २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ब्रँट खटल्यात निकाल जमीनमालकाच्या बाजूने लागला. म्हणून चालणाऱ्यांनी वाटेच्या कुंपणाबाहेर न जाणे, फाटक उघडले तर ते परत लावणे आणि कुत्रा दोरीने धरणे हे शिष्टाचार म्हणून नव्हे, तर वाट टिकावी म्हणून पाळले पाहिजेत.

न्यायनिष्ठ

पट्टा अखंड राहतो, हा तुमचा मुद्दा मला पटला. मात्र तो परत रेल्वेकडे देता येईल अशी कायदेशीर तरतूद सुरुवातीलाच असली पाहिजे, हे माझे म्हणणे कायम आहे.

कमानपूल

कोणी तरी स्पेनमधल्या विआ वेर्दे दे ला सिएराबद्दल लिहील म्हणून वाट पाहत होतो. ओल्वेरा ते पुएर्तो सेरानो अशी ही छत्तीस किलोमीटरची वाट आहे आणि तिच्यात तीस बोगदे आहेत. विशेष म्हणजे तिच्यावरून एकही गाडी कधी धावली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बोगदे, पूल, स्थानके सगळे बांधून झाले, मग पैसा आणि राजकीय इच्छा दोन्ही आटले आणि काम अर्धवट राहिले. स्पेनने १९९३ पासून जुन्या मार्गांच्या हरित वाटा करण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा या मार्गाला पहिल्यांदा प्रवासी मिळाले. वाटेत झाफ्रामागोन नावाचा मोठा सुळका आहे, तिथे गिधाडांची मोठी वसाहत आहे. सकाळी उन्हाने हवा तापू लागली की ती एकेक करून कड्यावरून सुटतात आणि पंख न हलवता वर चढत जातात. न्यायनिष्ठ यांचा आक्षेप या वाटेला तरी लागू होऊ नये.

कॅनडातल्या मायरा कॅन्यनचीही नोंद करतो. एका तीव्र दरीच्या कडेने अठरा पूल आहेत, बहुतेक लाकडी. २००३ च्या वणव्यात त्यांतले बारा लाकडी पूल जळून गेले. लोकांना त्या वाटेचे एवढे अप्रूप होते की ते सगळे पुन्हा बांधण्यात आले आणि २००८ मध्ये वाट पूर्ववत सुरू झाली. गाडीसाठी नव्हे, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी कोणी एवढे पूल पुन्हा उभारतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

चाकखुर्ची

माझी बहीण चाकाच्या खुर्चीत असते, त्यामुळे आम्ही अशा वाटा वेगळ्या नजरेने पाहतो. संथपावले यांनी "वाट निवडताना काय पाहावे" असे विचारले आहे, त्याचे माझे उत्तर असे : नसलेले पूल पाहा.

मार्ग बंद झाल्यावर लोखंडी पूल सर्वात आधी काढून विकले जातात, कारण त्यांना किंमत येते. गाडीरस्त्यावरचा असा पूल गेला की भरावाच्या टोकाशी वाट अचानक संपते, तिथून उतरून रस्ता ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा भरावावर चढायचे. किलोमीटरभर जी वाट रेषेसारखी सपाट होती, तिच्यावर पाच मीटरचा खडा उतार किंवा चक्क पायऱ्या येतात. वाटेच्या माहितीत "सपाट" असे लिहिलेले असते, ते सरासरीने खरेही असते, पण खुर्चीला आणि गुडघ्याला सरासरीचा काही उपयोग नसतो. नकाशावर जुना मार्ग तुटक रेषेने दाखवलेला असतो. ती रेषा जिथे जिथे रस्ता किंवा ओढा ओलांडते, तिथे पूल शिल्लक आहे का हे एकेक करून तपासावे. उपग्रहचित्रात ते बहुधा स्पष्ट दिसते. गुरे आत येऊ नयेत म्हणून लावलेली अरुंद फिरती फाटकेही पाहावीत. चालणारा माणूस त्यांतून सहज जातो, पण खुर्ची किंवा बाबागाडी अडकते.

दुसरे म्हणजे, वाटेवर पाणी साचू नये म्हणून ती मध्यभागी किंचित उंच आणि कडांना उतरती केलेली असते. कडेने तासन्‌तास चाललात तर एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर धरते. समोरून कोणी येत नसेल तेव्हा मधून चाला, आणि कडेने चालायची वेळ आली तर अधूनमधून बाजू बदला.

डोंगरभटक्या

चाकखुर्ची, हा कडेच्या उताराचा मुद्दा माझ्या कधी लक्षात आला नव्हता आणि तो अगदी बरोबर आहे. गवतफूल, तुमच्या सांगण्याप्रमाणे पुढच्या वेळी कापलेल्या टेकडीत सावकाश चालून पाहीन.

सायकलरव

सायकलस्वारांच्या वतीने लिहितो. यातल्या बहुतेक वाटा दोघांच्या आहेत. मागून घंटी ऐकू आली तर गोंधळून दोन्ही बाजूंना पांगू नका, सगळे एकाच बाजूला व्हा. कानांत गाणी लावून चालू नका. आणि आम्ही सायकलस्वारांनीही बोगद्यात वेग कमी केलाच पाहिजे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा ही वाट आहे. रेल्वेमार्गाची वाट करण्याच्या तिथल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी ती एक, १९६७ पासूनची. तिच्यात तीन बोगदे आहेत, त्यांतला सर्वात लांब एक किलोमीटरहून मोठा, आत दिवे नाहीत आणि छतातून पाणी गळते. तिथे सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत न्यायची असा नियम आहे आणि तो अगदी योग्य आहे. या बोगद्यांना मोठी लाकडी दारे आहेत. पूर्वी हिवाळ्यात एक गाडी गेली की राखणदार ती दारे बंद करत असे, म्हणजे आत बर्फ धरून दगडी बांधकाम फुटू नये.

रूळवेडा

एक सूचना अत्यंत गांभीर्याने करतो. गवत वाढलेला, गंजलेल्या रुळांचा मार्ग दिसला म्हणजे तो बंदच आहे असे धरून त्यावरून चालू नका. मालगाडी महिन्यातून एकदाच जात असेल, किंवा देखभालीचे वाहन येत असेल. अधिकृतपणे वाट म्हणून जाहीर झालेल्या मार्गावरच जा. दुरुस्त न केलेल्या जुन्या पुलांवर आणि बोगद्यांत तर मुळीच जाऊ नका. पुलाची फळी वरून शाबूत दिसते आणि खालून कुजलेली असते. जुने स्लीपर ढीग करून ठेवलेले असतील तर त्यांवर बसून खाऊ नये, कारण त्यांना कुजू नये म्हणून क्रिओसोट हे डांबरी तेल मुरवलेले असते आणि ते त्वचेला अपायकारक आहे.

संथपावले

इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला ही सगळी चर्चा वाचून दाखवली. तिला कोनाड्यांची आणि गिधाडांची गोष्ट फार आवडली, आणि "नसलेले पूल पाहा" हे वाक्य ऐकल्यावर ती म्हणाली की, आता नकाशा मीच पाहणार.

आम्ही मॉन्सल ट्रेलपासून सुरुवात करायचे ठरवतो आहोत. रोज सात-आठ किलोमीटरच्या पुढे जायचे नाही. दोन शंका उरल्या आहेत. वाट एका रेषेत जाते, मग परत कसे यायचे? आणि सलग पाहत पाहत जायचे असेल तर दिवसाचे टप्पे कसे पाडावेत?

दूरदेशी

परतीसाठी सर्वात साधा उपाय म्हणजे अर्धे अंतर जाऊन त्याच वाटेने मागे येणे. पुष्कळांना ते कमीपणाचे वाटते, पण रेल्वेची वाट दोन्ही दिशांनी वेगळी दिसते, कारण खोदाईतला प्रकाश बदललेला असतो आणि जाताना पाठीमागे राहिलेले कमानींचे पूल येताना समोरून दिसतात. शिवाय आई कुठेही "आता पुरे" म्हणाल्या की तिथूनच वळता येते, हा मोठा दिलासा असतो. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचे असेल तर बसची वेळ आधी पाहून ठेवा आणि शक्यतो बसचा प्रवास सकाळी करून मग चालत परत या, म्हणजे संध्याकाळी दमलेल्या पायांनी शेवटची बस गाठण्याची धावपळ होत नाही.

टप्प्यांसाठी जुनी स्थानके पाहा. बहुतेक मार्गांवर ती काही किलोमीटरांच्या अंतराने असत, आणि आज नेमकी तिथेच बसायला जागा, पाणी, शौचालय आणि रस्त्याकडे जाणारी वाट मिळण्याची शक्यता जास्त असते. मॉन्सलवर मिलर्स डेलचे स्थानक वाटेत लागते, तिथले फलाट अजून जागेवर आहेत, शेजारी दोन पूल समांतर उभे आहेत आणि थोड्याच अंतरावर चुन्याच्या जुन्या भट्ट्या आहेत. एक दिवस तिथून बेकवेलच्या दिशेने आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उलट दिशेने, असे केले तर दोन्ही दिवशी मुक्काम एकाच ठिकाणी ठेवता येईल. बेकवेलकडे जाताना लिटन आणि क्रेसब्रुक हे बोगदे आधी लागतात, त्यानंतर हेडस्टोन पूल आणि लगेच हेडस्टोन बोगदा. आईंना तेवढ्यावर थांबायचे असेल तर पुलापासून मागे फिरा.

चाकखुर्ची

बोगद्यांतले दिवे दिवसाउजेडीच चालू असतात, त्यामुळे हिवाळ्यात जाणार असाल तर दुपारी लवकर परत फिरा आणि एक छोटा टॉर्च खिशात असू द्या. आत गारठा असतो, म्हणून आईंचा स्वेटर पिशवीच्या तळाशी न ठेवता अगदी वर ठेवा.